हंगाम संपला, खातं चालूच

वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरचे पासवर्ड आणि परवानग्या

या वेळी निवडलेले प्रश्न वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतच्या वाचकांचे आहेत. आज्ञा, पर्याय आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजीत, लहान अक्षरांत लिहायची. (सुडो, म्हणजे 'रूट' या मुख्य खात्याच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणारं साधन; त्याच्या नियमांतला 'ऑल' आणि लॉगिन.डेफ्स या सेटिंगच्या फायलीतली नावं तेवढी मोठ्या अक्षरांत.) पासवर्डच्या मुदती ठरवणारी 'चेज' ही आज्ञा सी-एच-ए-जी-ई अशी लिहितात. तिच्यात लहान एम म्हणजे किमान दिवस आणि मोठा एम म्हणजे कमाल. हा घोळ नको म्हणून शक्य तिथे लांब पर्याय दिलेत.

प्रश्न : आमचं आंबा कॅनिंगचं युनिट आहे. हंगामात वजनकाट्यावर आणि आवक नोंदीला दहा-बारा मुलं असतात. सर्व्हर डेबियन लिनक्सचा. सगळ्यांत मिळून 'हंगाम' नावाचं एकच खातं, आणि पासवर्ड काट्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला. गणपतीत कळलं की मे महिन्यातला एक मुलगा अजून बाहेरून लॉगिन करतोय. दर हंगामाला पासवर्ड बदलला तर पुरेल का? — देवगड

उत्तर : नाही पुरणार. सामायिक खात्याचा पासवर्ड कितीही बदला, नोंदीत 'हंगाम'च दिसणार. कुठल्या मुलाने कुठलं वजन बदललं हे कधीच कळणार नाही. प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि ते उघडतानाच त्याच्यावर शेवटची तारीख घाला :

ग्रुपअ‍ॅड आवक
युजरअ‍ॅड --क्रिएट-होम --शेल /बिन/बॅश --ग्रुप्स आवक --एक्स्पायरडेट 2026-06-16 मंगेश
पासडब्ल्यूडी मंगेश
चेज --लास्टडे 0 मंगेश

शेवटच्या ओळीमुळे तुम्ही दिलेला तात्पुरता पासवर्ड पहिल्या लॉगिनलाच बदलावा लागतो. म्हणजे तो तुम्हालाही माहीत राहत नाही, आणि तेच बरं.

तारखेत एक खोच आहे. एक्स्पायरडेटला जी तारीख लिहाल त्या दिवशी खातं बंद असतं. 15 जून कामाचा शेवटचा दिवस असेल तर 16 लिहा. शिवाय /ईटीसी/शॅडो या पासवर्डच्या फायलीत तारखा 1 जानेवारी 1970 पासूनच्या दिवसांत मोजतात, आणि तो दिवस जागतिक वेळेनुसार पालटतो. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला पालटतो. रात्रपाळीचा मुलगा बारा वाजता अडत नाही, साडेपाचनंतर नवीन लॉगिन करायला गेला की अडतो. आधीपासून उघडं असलेलं सेशन मात्र तसंच चालू राहतं. ते बंद करायला 'लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर मंगेश'.

आता त्या जुन्या 'हंगाम'चं. बरेच जण 'पासडब्ल्यूडी --लॉक' करतात आणि निर्धास्त होतात. त्याने शॅडो फायलीत पासवर्डच्या हॅशच्या (साठवलेल्या सांकेतिक रूपाच्या) सुरुवातीला एक उद्गारचिन्ह लागतं, बाकी काही होत नाही. त्या मुलाने मे महिन्यात आपली एसएसएच की (बाहेरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली) ऑथराइज्ड_कीज फायलीत टाकून ठेवली असेल तर तो पासवर्डशिवाय आत येतच राहील. म्हणून खात्याची मुदतच संपवा : 'युजरमॉड --एक्स्पायरडेट 1 हंगाम'. इथे शून्य लिहू नका, काही ठिकाणी शून्याचा अर्थ 'मुदतच नाही' असा घेतला जातो. मग सेशन तोडा, 'क्रॉनटॅब -यू हंगाम -एल' करून मागे काही वेळापत्रक ठेवलंय का ते बघा, आणि राउटरवर 22 नंबरचा (एसएसएचचा) पोर्ट बाहेरून कुणी व कशासाठी उघडला होता याचाही छडा लावा. काट्यावरच्या नोंदीला तो लागत नाही.

खाती पुसून टाकायची घाई नको. युजर काढला तरी त्याच्या फायलींवर त्याचा क्रमांक राहतो. सर्वांत मोठा क्रमांक असलेलं खातं पुसलं तर पुढच्या नवीन मुलाला नेमका तोच मिळतो आणि जुन्याच्या फायली आपसूक त्याच्या होतात. मुदत संपलेलं खातं तसंच पडू द्या. तोच मुलगा पुढच्या एप्रिलला आला तर फक्त तारीख पुढे सरकवा.

आवक नोंदीचा फोल्डर सगळ्यांना मिळून हवा असेल तर त्याचा ग्रुप 'आवक' करा आणि 'सीएचमॉड 2770' द्या. पुढच्या 2 मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. पण एवढ्यावर दुसऱ्याला ती फाइल बदलता येईलच असं नाही, कारण उमास्क (नव्या फायलीच्या परवानग्या कापणारी सेटिंग) 022 असेल तर ग्रुपला फक्त वाचता येतं. त्यासाठी फोल्डरवर 'सेटएफएसीएल --डिफॉल्ट --मॉडिफाय ग्रुप:आवक:आरडब्ल्यूएक्स' एकदा चालवा, म्हणजे उमास्कची भानगड उरत नाही.

प्रश्न : मच्छीमार सोसायटीच्या काउंटरवर डिझेल आणि बर्फाच्या नोंदी लिनक्सवर होतात. जून-जुलैच्या बंदीत काउंटर बंद. 1 ऑगस्टला उघडलं की दरवर्षी निम्म्या लोकांना लॉगिन होत नाही, आणि बाहेर ही रांग. फेललॉक रिसेट केलं तरी काहींचं चालतं, काहींचं नाही. — हर्णै

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळी कुलपं एकाच दिवशी लागतात. फेललॉकने त्यातलं एकच उघडतं.

पहिलं चुकीच्या पासवर्डचं. दोन महिन्यांनी पासवर्ड आठवत नाही, माणूस चार-पाचदा चुकवतो आणि फेललॉक अडवतो. /ईटीसी/सिक्युरिटी/फेललॉक.कॉन्फमध्ये काही लिहिलं नसेल तर 15 मिनिटांत 3 चुका झाल्या की 10 मिनिटं बंद. काउंटरला 3 फार कमी. 'डिनाय = 5' करा, 'अनलॉक_टाइम = 600' तसाच ठेवा. 'फेललॉक --युजर नाव' केलं की कधी आणि कुठून चुकलं ते दिसतं. एकच पत्ता दर मिनिटाला चुकत असेल तर तो माणूस नाही, जुना पासवर्ड साठवलेलं एखादं यंत्र आहे. ही मोजणी /व्हार/रन/फेललॉकमध्ये असते आणि ती जागा मेमरीतली, त्यामुळे लाइट जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की मोजणी शून्यावर येते. 'आपोआप सुटलं' म्हणतात ते हे. 'ईव्हन_डिनाय_रूट' लावू नका. कुणीही मुद्दाम चुकीचा पासवर्ड मारून तुम्हालाच बाहेर ठेवेल.

दुसरं कुलूप मुदतीचं. 'चेज --लिस्ट नाव' करा आणि पासवर्ड निष्क्रिय होण्याची तारीख बघा. कमाल 45 दिवस आणि 'इनॅक्टिव्ह' 14 असं कुणीतरी लावलेलं असणार. 31 मेला बदललेला पासवर्ड 15 जुलैला संपतो. पुढचे 14 दिवस लॉगिन केलं तर 'नवा पासवर्ड द्या' असं विचारलं जातं. ते दिवसही बंदीतच सरतात, आणि त्यानंतर विचारणंही नाही, खातंच बंद. बरोबर पासवर्ड टाकूनही 'अ‍ॅडमिनला भेटा' असं येतं ते यामुळे. ज्यांनी मेच्या सुरुवातीलाच बदलला होता त्यांचं तर जुलैच्या सुरुवातीलाच आटोपतं.

'चेज --इनॅक्टिव्ह 90 नाव' केलं की बंदीतून सुखरूप पार पडाल. अडकलेल्यांना नवा तात्पुरता पासवर्ड देऊन 'चेज --लास्टडे 0'. हे 30-31 जुलैला, काउंटर बंद असतानाच उरका.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये लॉगिन.डेफ्समध्ये कमाल 90 दिवस आणि किमान लांबी 12 लिहिली. तरी मुलं आठ अक्षरी पासवर्ड ठेवतात आणि जुन्यांना 90 दिवस लागूच होत नाहीत. — रत्नागिरी

उत्तर : लॉगिन.डेफ्समधले दिवस फक्त त्यानंतर तयार झालेल्या खात्यांना लागतात. जुन्यांना 'चेज --मॅक्सडेज' एकेकाला द्यावं लागतं. 1000 पासूनच्या युजर-क्रमांकांपुरतं आवर्तन (लूप) लिहा आणि बॅकअपसारख्या कामासाठी ठेवलेली खाती आधी वगळा. पासवर्डची मुदत संपली की त्या खात्याचं क्रॉनही (वेळापत्रकाने चालणारी कामं) थांबतं. बॅकअप बंद पडलाय हे मग तीन महिन्यांनी, फाइल हवी असते तेव्हा, लक्षात येतं.

लांबी तिथे लिहून उपयोग नाही, पॅम (लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रात ती ओळ कुणी वाचतच नाही. 'लिबपॅम-पीडब्ल्यूक्वालिटी' हे पॅकेज बसवा आणि /ईटीसी/सिक्युरिटी/पीडब्ल्यूक्वालिटी.कॉन्फमध्ये लिहा : 'मिनलेन = 12', 'डिफओके = 4' (जुन्यापेक्षा निदान चार अक्षरं वेगळी), 'युजरचेक = 1' (पासवर्डात युजरचं नाव नको). तिथल्या 'डीक्रेडिट', 'यूक्रेडिट' वगैरे चार ओळींना 1 दिला असेल तर प्रत्येक प्रकारच्या अक्षराला एकेक गुण सूट मिळते. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह मिळून चार गुण सूट, म्हणजे 12 ऐवजी आठ अक्षरांतच काम भागतं. मुलं मग याच वाटेने जातील. शून्य ठेवा. उणे एक दिला तर त्या प्रकारचं निदान एक अक्षर सक्तीचं होतं.

शब्दकोशाची तपासणी मुख्यतः इंग्रजी शब्दांवर चालते. गणपती, हापूस, रत्नदुर्ग, थिबा हे तिच्या लेखी अवघड शब्द! त्यासाठी त्याच फायलीत 'बॅडवर्ड्स' नावाची ओळ आहे. गावाचं, कॉलेजचं, देवांचं नाव आणि मुलांच्या तोंडी असलेले आठ-दहा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडून लिहा. मग 'पीडब्ल्यूस्कोर' चालवून नमुन्याचे पासवर्ड टाकून बघा. रूटने कुणाचा पासवर्ड बदलला तर नियम फक्त कुरकुर करतात, अडवत नाहीत. तिथेही अडवायचं तर 'एन्फोर्स_फॉर_रूट'.

90 दिवसांचा आग्रह मात्र सोडा असं आम्ही सुचवू. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच 2017 च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका असेल तेव्हाच बदला, असं म्हटलंय. सक्ती केली की मुलं शेवटी महिन्याचा आकडा जोडतात आणि दर तिमाहीला तो वाढवतात. लांबी 12 आणि बॅडवर्ड्स एवढं नीट केलंत तर लॅबला वर्षातून एकदा, नव्या सत्राला बदल पुरे.

पासवर्ड देवनागरीत ठेवला तर चालेल का, असंही पत्राच्या शेवटी विचारलंय. ठेवू नये. लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड मिळेलच याची खात्री नसते, आणि काळ्या कन्सोलवर तर नाहीच.

प्रश्न : होमस्टेच्या बुकिंगचा छोटा सर्व्हर आहे, जुन्या डेस्कटॉपवर. पावसात लाइट जाऊन आली की अधूनमधून सगळ्यांना 'पासवर्डची मुदत संपली' असं येतं. परवा तर कालच बदललेला पासवर्ड संपला म्हणाला. — मालवण

उत्तर : मदरबोर्डवरचा बटणसेल गेला असणार. सीआर2032, तीन व्होल्टचा. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत त्याच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो, तोही पुसा.

सेल मेला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या यंत्रात ते 1970 वर न जाता सिस्टमडीच्या त्या आवृत्तीच्या तारखेपर्यंत तरी पुढे येतं, म्हणजे दिसायला साधी जुनी तारीख. कुणाच्या लक्षात येत नाही. इंटरनेट यायच्या आत कुणी पासवर्ड बदलला तर 'शेवटचा बदल' म्हणून तीच जुनी तारीख नोंदली जाते. नेट आलं, घड्याळ खऱ्या तारखेवर आलं, आणि कालचा पासवर्ड दोन-तीन वर्षांचा ठरला. 'चेज --लिस्ट'मध्ये हे लख्ख दिसेल. 'चेज --लास्टडे' पुढे खरी तारीख लिहून दुरुस्त करा.

उलटं जे होतं ते जास्त वाईट. घड्याळ मागे असताना मुदत संपलेली खाती पुन्हा जिवंत होतात, कारण यंत्राच्या मते ती तारीख अजून यायचीय. सेल बदलल्यावर 'टाइमडेटसीटीएल' करून वेळ जुळतेय ना ते बघा आणि 'एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी' करून ती हार्डवेअरच्या घड्याळात लिहा. जुन्या रास्पबेरी पायला असं घड्याळ मुळातच नसतं, त्यामुळे बुकिंग त्याच्यावर हलवायचा विचार असेल तर वेगळं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल लावा.

प्रश्न : उबुंटूवर स्वतःला एका नव्या ग्रुपमध्ये घालायला 'युजरमॉड --ग्रुप्स' चालवलं. आता 'ग्रुप्स माझं-नाव' केलं तर सुडो ग्रुप दिसतच नाही. मशीन अजून बंद केलेलं नाही. — अलिबाग

उत्तर : बंद करू नका, लॉगआउटही करू नका. '--अपेंड' राहिला की आधीचे सगळे जादा ग्रुप निघून जातात आणि दिलेलाच उरतो. पण उघड्या सेशनला लॉगिनच्या वेळचे ग्रुप चिकटलेले असतात आणि सुडो सहसा तेच बघतं. त्याच टर्मिनलमध्ये ताबडतोब 'सुडो युजरमॉड --अपेंड --ग्रुप्स सुडो तुमचं-नाव' चालवा. हे वाचेपर्यंत लॉगआउट झालेलं असेल तर ग्रबमधून (यंत्र सुरू होतानाच्या मेनूतून) रिकव्हरी मोडमध्ये जा, रूट शेल (रूटच्या अधिकाराने आज्ञा लिहायची जागा) घ्या, 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' करा आणि तीच आज्ञा सुडोशिवाय द्या.

प्रश्न : काजू कारखान्यातल्या हिशेबनिसांना डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते आणि रोज बॅकअप घ्यावा लागतो. त्यांना सुडोत 'ऑल' दिलंय, पण उद्गारचिन्ह लावून एसयू आणि बॅश वगळलेत. एवढं सुरक्षित आहे ना? — वेंगुर्ले

उत्तर : नाही. वगळण्याचा नियम आज्ञेच्या मार्गावर आणि नावावर चालतो. बॅशची प्रत दुसऱ्या नावाने केली की ती वगळलेली उरत नाही. तेवढीही गरज नाही म्हणा, व्हीआय (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायचं साधन) सुडोने उघडून आत उद्गारचिन्ह आणि 'एसएच' टाइप केलं (व्हीआयमध्ये आधी कोलन) की रूटचा शेल हातात. सुडोत 'सगळं, पण हे सोडून' असं लिहायचंच नसतं. जे लागतं तेवढंच लिहायचं.

'व्हीसुडो --फाइल=/ईटीसी/सुडोअर्स.डी/हिशेब' उघडा. साध्या एडिटरने नको, एक अक्षर चुकलं तर सुडो सगळ्यांचंच बंद पडू शकतं. व्हीसुडो जतन करण्याआधी तपासतं. फायलीच्या नावात टिंब नको. 'हिशेब.कॉन्फ' असं नाव दिलंत तर सुडो ती फाइल गुपचूप सोडून देतं आणि नियम का लागत नाही हे शोधण्यात दुपार जाते. आत 'हिशेब' ग्रुपसाठी (% म्हणजे ग्रुप) दोन ओळी :

%हिशेब ऑल=(रूट) /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस
%हिशेब ऑल=(रूट) /यूएसआर/लोकल/एसबिन/हिशेब-बॅकअप ""

दुसऱ्या ओळीच्या शेवटची रिकामी अवतरणं महत्त्वाची आहेत. पुढे काहीच लिहिलं नाही तर आज्ञेला कुठलेही पर्याय जोडता येतात, रिकामी अवतरणं म्हणजे एकही नाही. स्क्रिप्ट आणि तिचा फोल्डर दोन्ही रूटचे हवेत, दुसऱ्या कुणाला लिहिण्याची परवानगी नको. स्क्रिप्ट हिशेबनिसांच्या होम फोल्डरात ठेवून सुडोत घातलेली आम्ही पुष्कळ ठिकाणी बघतो. ती त्यांना बदलता येते, म्हणजे ते 'ऑल'च झालं.

'सिस्टमसीटीएल स्टेटस'ची ओळ घालायचा मोह होईल. स्टेटस बघायला सुडो लागतच नाही, आणि सुडोने चालवलं तर निकाल लेसमध्ये उघडतो. सिस्टमडीच्या 247 आधीच्या आवृत्त्यांत तिथूनही शेल मिळायचा. तारांकनही टाळा. 'कॅट /व्हार/लॉग/*' अशी परवानगी दिली तर पर्यायातलं तारांकन तिरप्या रेघेलाही जुळतं आणि मोकळ्या जागेलाही, त्यामुळे दोन टिंबांच्या वाटेने वर चढून शॅडो फाइलसुद्धा वाचता येते. एखादी सेटिंगची फाइल बदलू द्यायची असेल तर एडिटर न देता 'सुडोएडिट' आणि त्या फायलीचा पूर्ण मार्ग द्या.

डेबियन-उबुंटूत एकदा पासवर्ड दिला की 15 मिनिटं पुन्हा विचारत नाहीत. हिशेबनीस टेबलावरून उठून चहाला गेले तर तेवढा वेळ खुर्ची मोकळी. त्या ग्रुपपुरतं 'टाइमस्टँप_टाइमआउट=0' लावा. नव्या डेबियनमध्ये ऑथ.लॉग फाइल नसेलही, कुणी काय चालवलं ते 'जर्नलसीटीएल _सीओएमएम=सुडो'मध्ये सापडेल; यातलं 'सीओएमएम' मोठ्या अक्षरांत लिहा.

डॉकर आणि डिस्क हे ग्रुप कुणाला दिलेत तेही बघा. डॉकर ग्रुप म्हणजे पासवर्ड न विचारता रूट. डिस्क ग्रुपवाला पार्टिशनच थेट वाचतो, फायलींच्या परवानग्या त्याला आड येत नाहीत.

नवा नियम लिहून झाल्यावर जुना 'ऑल'चा नियम काढा, तो आपोआप जात नाही. मग 'सुडो --लिस्ट --अदर-युजर=त्यांचं-नाव'. यादीत वरच्या दोनच ओळी दिसायला हव्यात. तिसरी 'ऑल'ची अजून दिसत असेल तर ते सुडो ग्रुपमध्येही आहेत : 'जीपासडब्ल्यूडी --डिलीट त्यांचं-नाव सुडो', आणि अलिबागच्या प्रश्नात म्हटलंय त्याच कारणाने त्यांचं उघडं सेशनही लगेच तोडा.